कुलूप

"झुलेइदेबाई, अजून किती वेळ?" मदतनीस ओस्वाल्दीरनं दारातून विचारलं.

"चारपर्यंत. तपासणी पास झाली तर."

पाचला साओ पाउलोची बस होती, तिथून बेलेंचं विमान. बेलेंला तिची थोरली बहीण नाइर अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितले होते.

सांता रितातल्या या कारखान्यात झुलेइदेची चोवीस वर्षं गेली. गावोगावच्या पाण्याच्या पंपांना तारेवरून हुकूम जातात. मध्ये कारखान्याची पेटी बसते आणि परका हुकूम अडवते. पेटीतल्या चिपची आतली जुळणी बदलता येते. चोरांनी नवी युक्ती काढली, की झुलेइदे नवी जुळणी तयार करते. आज सकाळीच शेजारच्या गावाचे पंप कुणीतरी लांबून बंद पाडले होते.

चोरांनी जुळणीच बदलू नये म्हणून चिपला कुलूप असतं. आठ वर्षांपूर्वी ते तिनंच लावलं. चिपमधली एक बारीक तार जाळली, की चिप एकाच किल्लीचं ऐकते. दुसरी किल्ली, ओस्वाल्दीरची, जोडता यावी म्हणून आणखी एक तार होती. त्या दिवशी ओस्वाल्दीर जेवायला गेला होता. फट राहायला नको म्हणून तिनं तीही जाळली. साहेबांनी पाठ थोपटली. जळलेली तार पुन्हा जोडता येत नाही, हे सगळ्यांच्या नंतर ध्यानात आलं. पेट्या अकराशे, आणि ती एकच किल्ली चालते फक्त तिच्या अंगठ्याच्या ठशानं.

तिचे वडील कॉफीच्या मळ्यात कागदावर अंगठा उठवायचे. पोरीवर ती वेळ येऊ नये म्हणून त्यांनी तिला शिकवलं.

दुपारी नाइरचा फोन आला.

"झुली, निघालीस?"

"निघते. यंत्र जुळणी तपासतंय."

"आईच्या सातव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही हेच म्हणाली होतीस. त्या पेटीशी लग्न लावलंस काय गं?"

"नवरा तरी सोडता येतो."

नाइर हसली, मग बराच वेळ खोकत राहिली. "अंगठा कापून ठेव तिथं, आणि ये."

"कापलेला चालत नाही. गरम लागतो."

चारला पडद्यावर लाल ओळ उमटली. जुळणीतला एक संदेश उशिरा पोचत होता. पापणी लवते, त्याच्या अब्जाव्या हिश्श्याइतका उशिरा. नापास.

"एवढ्याशासाठी?" ओस्वाल्दीर म्हणाला. "चालवून टाका की."

"दहा लाखांत एकदा चुकेल पेटी. ते एकदा नेमकं इस्पितळाचं पाणी असलं तर?"

तिनं दोन ठिकाणी जुळणी बदलली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. आणखी अडीच तास.

पावणेसहाला भाचीचा फोन आला.

"मावशी, आई गेली. दफन उद्या सकाळी नऊला. इथल्या उकाड्यात थांबत नाहीत."

"हो," झुलेइदे म्हणाली.

साडेसहाला जुळणी पास झाली. तिनं अंगठा टेकवला. एकेक करत अकराशे पेट्यांनी नवी जुळणी घेतली. ओस्वाल्दीर कॉफी आणून ठेवून बाहेर गेला.

मग तिनं विमानाच्या कचेरीत फोन लावला.

"तिकीट बदलून देते, सेन्योरा," तिथली मुलगी म्हणाली. "उद्याचं पहिलं विमान दुपारी बाराला पोचतं. चालेल?"

"नाही."

"मग कोणती तारीख टाकू?"

झुलेइदे फोन कानाला लावून बसून राहिली. पलीकडे मुलगी थांबली होती.