सोवळ्यात गुंडाळलेला लॅटिन ग्रंथ

मी एक लॅटिन ग्रंथ बोलतोय. आवाज दबका वाटला तर राग मानू नका. पोलादपुरातल्या एका घरात, कुलूपबंद कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवरून बोलतो आहे. माझ्या अंगावर आज कातडे नाही आणि कापडही नाही. सांगणार आहे ते सगळे खरे आहे, असे मला वाटते. 'असे वाटते' हे शब्द जोडल्यावाचून मला राहवत नाही. ही सवय माझ्या मालकांची. एक गोष्ट मात्र मी शंका न घेता सांगतो. मला सूड हवा आहे.

त्यात नवल नाही, कारण माझा जन्मच सुडातून झाला. अँटवर्प नावाच्या बंदराच्या गावी एक शाळामास्तर होता. रोमचे राज्य बुडून तेव्हा हजारावर वर्षे लोटली होती. लॅटिन कुणाच्याही आईची भाषा उरली नव्हती. पण आपल्याकडे शास्त्रीमंडळी संस्कृतात श्लोक रचत राहिली, तसेच तिकडचे विद्वानही लॅटिनमध्ये काव्ये, नाटके आणि भांडणे लिहीत राहिले. या मास्तरची शाळेतली खुर्ची त्याच्याच शिष्याने कपटाने बळकावली. मास्तरने हात उगारला नाही की कज्जा केला नाही. त्याने मला लिहिले. माझ्या पानापानांत त्या शिष्याला शिव्या आहेत, पण सगळ्या वृत्तात बसवलेल्या. त्यांतल्या दोन ओळींचा अर्थ असा:

'माझे आसन तू घेतलेस, पण माझी सावली रोज तुझ्याआधी जाऊन त्यावर बसते.'

माझ्या शेवटच्या पानावरच्या ओळीत मधलीच काही अक्षरे मोठी छापली आहेत. ती मुद्रकाची चूक नव्हे. त्या काळच्या लॅटिन कवींची ती रीत होती. रोमन आकडे अक्षरांनीच लिहितात. तेव्हा ती मोठी अक्षरे वेगळी काढून बेरीज केली की ग्रंथ ज्या वर्षी झाला ते वर्ष निघते. आपल्या जुन्या पोथ्यांतही शक असाच शब्दांत लपवलेला असतो. पहिल्या पानावर गाव आणि वर्ष सरळ आकड्यांत छापले, वर वासराच्या कातड्याची बांधणी चढवली आणि मला जगात सोडले.

एका पाद्र्याच्या पेटीतून मी गोव्याला आलो. पुढे फिरत फिरत मुंबईतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात पडून राहिलो. तिथे यज्ञेश्वरपंतांनी मला उचलले. ते महाडचे, आणि मुंबईच्या एका कॉलेजात लॅटिन शिकवत. दुकानात उभ्या उभ्याच त्यांनी माझी चार पाने वाचली आणि पोट धरून हसले. अडीचशे वर्षांत माझ्या शिव्यांना हसलेला तो पहिलाच माणूस असावा. मी त्याच क्षणी त्यांचा झालो.

अभ्यासक्रमात रोमनांचे लॅटिन होते. पंत ते शिकवत. पण शनिवारी, जादा तासाला, ते माझ्यासारखे मागाहूनचे ग्रंथ घेऊन बसत. शिकवताना थांबून स्वतःशीच पुटपुटत, "चुकत तर नाही ना मी?" मुले ती नक्कल करत. पंतांना ते ठाऊक होते. नक्कल बरी झाली की तेही हसत.

त्या मुलांत पोलादपूरचा शरच्चंद्र होता. अतिशय हुशार. पंत सांगत ते तो अक्षरशः टिपून घेई. एका शनिवारी पंतांनी ताडून दाखवायला एका रोमन कवीच्या ओळींखालीच माझ्या त्या दोन ओळी फळ्यावर लिहिल्या. तेवढ्यात घंटा झाली. "या कुणाच्या, कधीच्या, ते पुढच्या खेपेस सांगतो," असे म्हणून ते उठले. पुढच्या खेपेस त्यांनी सांगितलेही. पण शरच्चंद्र तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी गावी गेला होता.

वर्षे गेली. शरच्चंद्र त्याच कॉलेजात अध्यापक झाला आणि बघता बघता पंतांना डावलून विभागाचा प्रमुख झाला. पहिल्याच बैठकीत त्याने शनिवारचा तास बंद केला.

पंत म्हणाले, "अरे, पण तेही लॅटिनच आहे."

"सर, रोमन जेवून उठले. मागे पत्रावळीवर उरलं ते हे. उष्टं. ते मुलांना काय वाढायचं?"

सगळे हसले. मी त्यांच्या काखेत होतो. त्यांची काख घामाने भिजल्याचे मला कळले.

लवकरच नोकरी सोडून पंत महाडला परतले. आगबोटीने बाणकोट आणि तिथून होडीने दासगाव, असा प्रवास मी त्यांच्या मांडीवर केला. घरी त्यांची विधवा बहीण होती, प्रयागबाई. पंत तिला आक्का म्हणत. शिकायला कुणी नव्हते, म्हणून पंत ओटीवर बसून मला मोठ्याने वाचत आणि आक्का वाती वळता वळता विचारी, "आज कुणाला शिव्या रे?"

अशात मुंबईहून टपालाने एक नवे पुस्तक आले. शरच्चंद्रांचे लॅटिनचे पाठ्यपुस्तक. पंतांनी ते उघडले, आणि पहिल्याच पानावर माझ्या त्या दोन ओळी! खाली एका प्राचीन रोमन कवीचे नाव. वर टीप, की कवी येथे सम्राटाच्या सिंहासनाविषयी बोलत आहे. प्रस्तावनेत तर लिहिले होते, की या दोन ओळींपुढे नंतरच्या हजार वर्षांचे सारे लॅटिन कस्पटासमान आहे.

पंतांनी मला उघडले, ओळी पाहिल्या, मिटले, पुन्हा उघडले. "चुकत तर नाही ना मी?" असे किती वेळा झाले कोण जाणे. मग त्यांनी मला शांतपणे मांडीवर ठेवले. "आक्का," ते म्हणाले, "या पुस्तकाबद्दल आपल्या गावाने याचा सत्कार ठेवलाय. त्याला हा महाडात येणार आहे. तेव्हा विचारीन. भर सभेत विचारीन." त्या वेळी त्यांचा आवाज कापला नाही. माझ्या अंगातून अँटवर्पचा मास्तर उठून उभा राहिला. उष्टे काय आणि ताजे काय ते आता ठरणार होते. पंतांचे सगळे आयुष्य त्या उत्तरात होते.

सत्कार देवळाच्या सभामंडपात होता. तिथेच घोळ झाला. सत्काराच्या दिवशी सकाळी आक्काने मला हातात घेतले.

"अरे यज्ञा, देवळात नेणार हे? हे चामडं रे कसलं?"

पंतांना खोटे बोलता येत नसे. "वासराचं."

"शिव शिव! आणि इतकी वर्षं मी याची धूळ पदराने पुसत्ये?"

"आक्का, ग्रंथ आहे तो."

"ग्रंथ म्हणूनच म्हणत्ये. देवापुढे जायचंय त्याला."

पंत विहिरीवर आंघोळीला गेले. मनात भाषण घोकत होते, त्यांचे लक्ष नव्हते. या गावाने काही वर्षांपूर्वी माणसे पाणी प्यायली म्हणून अख्खे तळे शुद्ध करून घेतले होते. तिथे माझी काय कथा! आक्काने चाकूने माझी शिवण उसवली. "बाबा, तुझा दोष नाही हो," असे मला म्हणत तिने कातडे ओरबाडून काढले. कोकणातल्या दमट हवेने माझे पहिले पान शिवणीच्या कडेला कातड्याच्या पुठ्ठ्याला घट्ट चिकटले होते. ते पानही कातड्याबरोबर निघाले. त्यावरचे गाव गेले, वर्ष गेले. छापलेली बाजू कातड्याकडे होती, म्हणून आक्काला तो कोरा कागद वाटला. तिने सगळे सावित्री नदीच्या डोहात सोडले, आणि आपल्या जुन्या रेशमी सोवळ्याचा तुकडा कापून त्यात मला नीट शिवून टाकले. आक्कावर माझा राग आहे का? आहे. पण ते टाके इतके बारीक आणि मायेचे होते, की तो राग मला नीट धरता येत नाही.

पंतांनी ते रेशीम पाहिले, बरे वाटले, आणि मला उघडून न बघताच ते निघाले.

सभामंडप भरला होता. शरच्चंद्रांनी भाषणाची सुरुवातच माझ्या ओळींनी केली. टाळ्या झाल्या. पंत उठले.

"शरच्चंद्र, एक शंका आहे. या ओळी प्राचीन नाहीत. हा पाहा तो ग्रंथ. पहिल्याच पानावर वर्ष आहे."

त्यांनी मला उघडले. पहिले पान नव्हते. पुढून पाहिले, मागून पाहिले.

"मास्तर, चष्मा उलटा लावलात काय?" मागून कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

'शेवटचे पान!' मी आतून ओरडत होतो. 'शेवटच्या पानावर वर्ष आहे!' पण पंतांच्या ओठांवर आले ते एवढेच: "चुकत तर नाही ना मी?"

शरच्चंद्र खाली उतरले, मला हळूच हातात घेऊन चाळू लागले. ओळी सापडल्या. क्षणात त्यांचा चेहरा खुलला. "सभ्य गृहस्थहो, त्या प्राचीन कवीची ही जुनी प्रत! माझ्या गुरूंनी जन्मभर जपली, आणि आज माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून आणली!"

अध्यक्ष होते गावातले एक जाडजूड वकील. रेशमात बांधलेला ग्रंथ पाहून त्यांना वाटले, ही सत्काराची भेटच. त्यांनी माझ्यावर नारळ ठेवला आणि गर्जले, "गुरूंकडून शिष्याला ग्रंथदान!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी शरच्चंद्रांच्या पिशवीत गेलो.

उन्हाळ्याच्या सुटीत शरच्चंद्र पोलादपूरला आले तेव्हा मी त्यांच्या बैठकीत होतो. एक दिवस गडी महिपती आत आला.

"सायेब, म्हाडचं म्हातारं मास्तर आल्यात. मोटारीनं आलं. वटीवर बशीवलंय."

पंत आत आले. पाणी घेतले नाही. "शेवटची ओळ काढ," ते म्हणाले. "घरी गेल्यावर आठवली मला. सभेत आठवली नाही."

शरच्चंद्र सुपारी कातरत होते. हसून त्यांनी मला उघडले. "बरं. काढली."

"मोठी अक्षरं वेगळी घे. आकडे म्हणून वाच. बेरीज कर."

"हे काय, सर, शाळेतल्या पोरासारखं?"

"कर."

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. हजार. पाचशे. शंभर. पन्नास. आणि वर दोन. अंगठा थांबला. दुसऱ्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला.

"सोळाशे बावन्न," पंत म्हणाले. "तुझा रोमन कवी तेव्हा कुठे होता?"

शरच्चंद्रांच्या तोंडावरचे रक्त उतरत गेले. ते मी फार जवळून पाहिले, आणि आयुष्यात दुसरे काही इतके आवडीने पाहिले नाही. ज्या उष्ट्याला ते हसले, तेच त्यांनी पहिल्या पानावर सोन्याच्या ताटात वाढले होते.

"कुणाला सांगितलंत हे?"

"तुलाच. माझा विद्यार्थी तू. आधी तुला सांगायला हवं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर, आणि माझा ग्रंथ मला दे."

इथे माझा मालक चुकला. अँटवर्पचा मास्तर असा चुकला नसता.

शरच्चंद्रांनी अडकित्ता मिटला. "पुढची आवृत्ती छापून झाली, सर. त्या कपाटात गठ्ठे आहेत. आणि ग्रंथ आपण दान दिलात. दिलेलं दान परत मागतात का?" त्यांनी नखाने टाके तोडून रेशीम माझ्या अंगावरून सोडवले आणि पंतांपुढे धरले. "आक्कांचं सोवळं मात्र घेऊन जा. इथे विटाळायला नको."

पंतांनी शिव्या द्याव्यात म्हणून मी तडफडत होतो. माझ्यात तयार होत्या, हव्या तेवढ्या. त्यांनी रेशमाची घडी केली, खिशात ठेवली. उंबऱ्यापाशी वळून म्हणाले, "ती ओळ सिंहासनाची नाही रे. शाळामास्तरच्या खुर्चीची आहे." आणि गेले.

शरच्चंद्रांनी मला त्या कपाटात टाकले, कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली. तेव्हापासून ते कपाट उघडलेले नाही. त्यांना ते उघडवत नाही. सुटीत येतात तेव्हा खुर्चीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून मांडतात.

पहिल्याच पावसाळ्यात भिंतीतून वाळवी आली. मी जमिनीजवळचा, अंगावर कातडे नसलेला. म्हणून माझ्याकडेच आधी आली. माझ्या कोपऱ्याचा तुकडा तिने घेतला. तोंडही न उघडता मी तिला सांगितले: 'बाई, मी जुना, कडू. शेजारी गठ्ठे आहेत, नवा कोरा कागद आहे.' माझे तिने ऐकले की तिला गठ्ठे आपोआप सापडले, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आता रोज ऐकतो. बारीक कुरकुर. आवृत्तीच्या आवृत्ती मातीच्या होत आहेत, पहिल्या पानावरच्या रोमन कवीसकट. माझ्या कर्त्याला तीनशे वर्षांत मिळाले नाही ते सुख मला मिळते आहे.

परवा महिपती बाहेरून म्हणाला, "सायेब, कपाटाखालनं माती गळतेय. वाळवी हाय नक्की. किल्ली द्या, राकेल मारतो."

"राहू दे. उघडायचं नाही ते."

मी आतल्या आत हसलो. आणि मग मला भीती वाटली. गठ्ठे संपत आले आहेत. वाळवीला लॅटिन येत नाही; तिला त्यांचे पान आणि माझे पान सारखेच. उद्या ती शेवटच्या पानावर आली, तर ती मोठी अक्षरे जातील, आणि पंत जन्मभर काय शिकवत होते ते सांगायला कुणी उरणार नाही. माझा सूडच मला गिळणार, असे मला वाटते.

म्हणून वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला ही किल्ली मिळाली, तर एवढे करा. मला महाडला न्या. पंत असतील तर त्यांच्या मांडीवर ठेवा. नसतील तर ज्याला शेवटच्या ओळीची बेरीज करता येईल त्याच्या हाती द्या. आक्काकडे ते रेशीम असेलच. पण कपाट उघडाल तेव्हा घाई करू नका, आणि राकेल आणू नका. आधी मला बाहेर काढा. मग दार पुन्हा घट्ट लावून घ्या.