क्लोनडॉकिनचे आजोबा

"तुमच्या वडिलांचा व्हिडिओ स्लोव्हेनियात सगळ्यांना फार आवडला," अनुष्काच्या शाळेतल्या बाई, मिस किओ, फोनवर म्हणाल्या. "बसची गोष्ट तर काय रंगवून सांगितलीय त्यांनी!"

"थँक यू," अनुष्काची आई अलकनंदा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण थँक यू कशाबद्दल म्हणालो तेच आपल्याला कळलेलं नाही. तिचे वडील बाळासाहेब नागपुरात होते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बसची कुठलीही गोष्ट त्यांनी तिला तरी कधी सांगितली नव्हती.

तो मार्च २०२१ चा पहिला आठवडा होता. अनुष्काची शाळा नाताळपासून बंद होती आणि डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनमधल्या त्यांच्या घरात तिघांचे तीन लॅपटॉप दिवसभर एकाच वेळी बोलत असत. अनुष्काचं ट्रान्झिशन इयर चालू होतं, म्हणजे दोन मोठ्या परीक्षांच्या मधलं बिनपरीक्षेचं वर्ष. युरोपातल्या शाळांच्या देवाणघेवाणीत तिच्या वर्गाला स्लोव्हेनियातली एक शाळा मिळाली होती. एरवी यांनी आठवडाभर तिकडे जाऊन राहायचं, मग त्यांनी इकडे यायचं. या वर्षी जाणं-येणं बंद, म्हणून सगळं स्क्रीनवर. विषय होता आजी-आजोबांच्या आठवणी.

बाईंनी पाठवलेली लिंक अलकनंदाने उघडली. व्हिडिओत समोरच्या घरातला डेसी होता.

डेसी चौऱ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त बस ड्रायव्हर, एकटा राहणारा. आपल्या अंगणात खुर्ची टाकून तो ब्याऐंशी सालच्या बर्फाबद्दल सांगत होता. बस रस्त्यात अडकली, आत अकरा माणसं. त्यातल्या एका बाईच्या मांडीवर कुणाच्या तरी लग्नाचा केक. सकाळपर्यंत त्या केकचा खालचा मजला सगळ्यांनी मिळून संपवला. गोष्ट संपली तसा कॅमेऱ्यामागून अनुष्काचा आवाज आला, "थँक्स, ग्रँडॅड."

खाली लिहिलं होतं: नाव डेसी. नातं आजोबा.

अलकनंदाने तो शेवट पुन्हा पाहिला. मग वरच्या छोट्या खोलीत जाऊन नवऱ्याला, नरेशला दाखवला.

"अगं, इकडे म्हाताऱ्या माणसाला कुणीही म्हणत असेल ग्रँडॅड," तो म्हणाला आणि हेडफोन चढवून मीटिंगमध्ये परत गेला.

म्हणत असतीलही. इथे नऊ वर्षं काढूनही तिला अशा गोष्टींचा भरवसा नव्हता. गेल्या वर्षी सत्तरीपुढच्या लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं, तेव्हा डेसीने रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलं होतं, "तुझी मुलगी माझे मेसेजेस आणते, फार गुणी आहे!" कुणाचे निरोप ही पोरगी पोचवतेय, या विचारात अलकनंदाने आठवडा घालवला. मग कळलं, की इथली जुनी माणसं वाणसामानाला मेसेजेस म्हणतात.

संध्याकाळी तिने अनुष्काला समोर बसवलं. "आजोबा म्हणून डेसी?"

अनुष्काला घरातलं मराठी सगळं कळायचं, पण ती बोलायची इंग्रजीत, तेही पक्क्या डब्लिनच्या हेलात. "मी आधी आजोबांनाच विचारलं होतं आई. फोन केला, रेकॉर्डही केलं. चाळीस मिनिटं. पण ते तुझ्यासारखं मराठी बोलत नाहीत. मला काहीच लिहिता येईना. सोमवारी द्यायचं होतं, आणि डेसी म्हणाला मी सांगतो."

"मग शेजारी असं लिहायचं!"

"त्या फॉर्ममध्ये शेजारी नव्हतंच."

"आणि ते ग्रँडॅड?"

"मी त्याला तसंच म्हणते."

"कधीपासून?"

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि ते खरं वाटत होतं.

अलकनंदाने ते रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि कपडे वाळत घालता घालता ऐकलं. अनुष्काने विचारलेल्या पाच प्रश्नांपैकी एकाचंही सरळ उत्तर बाबांनी दिलं नव्हतं. लहानपणी काय खेळायचात म्हटलं तर ते मास्तरांच्या सायकलवर गेले, सायकलवरून तलावावर, तलावावरून शोभनावर, म्हणजे अलकनंदाच्या वारलेल्या आईवर. तिथे ते बराच वेळ थांबले होते. मधूनमधून अनुष्का "हो" म्हणत होती, चुकीच्या जागी. आणि शेवटी बाबा म्हणाले होते, "आज तू आपणहून फोन केला पोरी. लय बरं वाटलं मले."

अलकनंदाच्या हातातला शर्ट तसाच राहिला. राग कुणाचा यायला हवा, तेच तिला ठरवता येईना.

रविवारी नागपूरचा फोन आला. "काऊन वं, माह्या मुलाखतीचं काय झालं?" बाळासाहेबांनी आल्या आल्या विचारलं. "इथं कॉलनीत सगळ्याईले सांगून ठेवलं मी, युरोपात दाखवून राहिले म्हणून. दाखवली काय?"

"हो," अलकनंदा म्हणाली.

"काय म्हणे तिकडचे?"

"आवडली म्हणे. खूप."

महिन्याच्या शेवटी, ईस्टरच्या सुट्टीआधी, दोन्ही वर्गांची शेवटची बैठक होती आणि तिथे आजी-आजोबांनाही बोलावलं होतं. त्याआधी डेसीशी बोलायला हवं, असं ठरवून अलकनंदा रस्ता ओलांडून गेली. तो कुंपणापाशी उभा होता. न्हाव्यांची दुकानं बंद, म्हणून त्याने स्वतःच केस कापले होते आणि कानामागे एक झुपका राहून गेला होता.

"डेसी, त्या शाळेला वाटतंय की तू खरंच..."

"माहितेय," तो म्हणाला. "बाईंचा मला फोन आला होता. मी म्हणणार होतो, की मी समोरचा. पण मला वाटलं पोरीची पंचाईत होईल." तो जरा घुटमळला. "आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. तुला राग आलाय का?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला माहीत नाही."

"तू म्हणशील तसं करतो. सांगून टाकू?"

तिला हो म्हणायचं होतं. कानामागचा तो झुपका दिसत होता. "अनुष्काला विचारते," एवढं बोलून ती परत आली, आणि तिने अनुष्काला काही विचारलं नाही.

बैठकीच्या दिवशी अनुष्का स्वयंपाकघरात लॅपटॉप घेऊन बसली. अलकनंदा कॅमेऱ्यात येणार नाही अशी ओट्याला टेकून उभी राहिली. स्क्रीनवर तीस-पस्तीस चौकटी होत्या, एकीत टाय लावलेला डेसी. स्लोव्हेनियातली नेझा नावाची मुलगी अनुष्काची जोडीदार होती. तिने मोडक्या इंग्रजीत डेसीला विचारलं, "तुमच्या नातीत तुमचं काय आलं आहे, असं तुम्हाला वाटतं?"

डेसी काहीतरी बोलू लागला, पण त्याचा माइक बंद होता. चारपाच जण एकदम "म्यूट, म्यूट" म्हणून ओरडले. त्याने भलतंच बटण दाबलं आणि त्याची चौकटच नाहीशी झाली.

"मला काही सांगायचंय," अनुष्का म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "डेसी माझा आजोबा नाही. म्हणजे माझे आजोबा आहेत, ते..."

नेट अडकलं. नेझाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. अनुष्का बोलत राहिली, इंडिया, चाळीस मिनिटं, मला समजलं नाही, सॉरी, सॉरी. मग ती रडायला लागली. चित्र पुन्हा हललं तशा मिस किओ घाईघाईने म्हणाल्या, "ठीक आहे अनुष्का, आपण नंतर बोलू," आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

कुणी काय ऐकलं, कुणाला काय समजलं, ते घरात कुणालाच कळलं नाही. डेसीने संध्याकाळी रस्त्यापलीकडून अंगठा वर करून विचारलं. अलकनंदानेही अंगठा वर केला.

पुढच्या पंधरवड्यात हे सगळं मागे पडलं. नागपुरात साथ भडकली. बाळासाहेबांना ताप आला, मग दम लागू लागला, आणि अलकनंदाच्या भावाने, ज्ञानेशने, सहा ठिकाणी हिंडून त्यांना बेड मिळवून दिला. जाणं शक्य नव्हतं. अलकनंदा कामाच्या मीटिंगमध्ये बसायची आणि टेबलाखाली ज्ञानेशचे मेसेज बघायची. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. नव्वद. पुन्हा अठ्ठ्याऐंशी.

अशात एका दुपारी टपालाने जाड पाकीट आलं. वर अनुष्काच्या कुटुंबाचं नाव होतं. अलकनंदाने उभ्या उभ्याच फोडलं. आत पांढऱ्या फुलांचं कार्ड. छापलेला मजकूर इंग्रजीत होता: तुमच्या आजोबांच्या निधनाबद्दल आम्हाला अतिशय दुःख झाले. खाली तीसेक सह्या.

तिला 'आजोबा' आणि 'निधन' या दोन शब्दांपलीकडे काही दिसेना. यांना कसं कळलं? आपल्या आधी यांना कसं कळलं? असं कसं होईल, हा विचार तिच्या मनात आलाच नाही. तिने ज्ञानेशला फोन लावला. तो लागेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"ज्ञानेश, बाबा गेले?"

"काय? अगं, काय बोलतेस? हे काय, समोर बसून पेज पिताहेत. आजच ऑक्सिजन काढला. तुला आता कळवणारच होतो."

ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. अनुष्का धावत खाली आली, तिने कार्ड उचलून वाचलं, पाकिटावरचा स्लोव्हेनियाचा शिक्का पाहिला.

"ओ गॉड," ती म्हणाली. "आई, हे डेसीसाठी आहे. त्या दिवशी त्यांच्यापर्यंत फक्त 'आजोबा नाही', 'सॉरी' आणि माझं रडणं पोचलं असणार. त्यांना वाटलं डेसी गेला."

तोवर ज्ञानेशने फोन बाबांकडे दिला होता. "काऊन वं, रडून राहिली काय?" आवाज बारीक आणि चिरका होता.

अलकनंदाने सांगून टाकलं. मुलाखत कुणी पाहिलीच नाही. पोरीला तुमचं बोलणं समजलं नाही, म्हणून तिने समोरच्या म्हाताऱ्याला आजोबा केलं. मी तुमच्याशी खोटं बोलले. आणि आता त्या म्हाताऱ्यासाठी तिकडच्या मुलांनी शोकाचं कार्ड पाठवलंय, आणि तो तर समोर हिरवळ कापतोय.

पलीकडे पेजेची वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"म्हंजे मी दिसलोच नाही तिकडं," बाळासाहेब म्हणाले.

"नाही, बाबा."

"त्या बुढ्याची गोष्ट कशाची होती?"

"बसची. बर्फात अडकलेल्या."

"चांगली होती काय?"

"होती."

"हं," ते म्हणाले. "थकलो मी आता. ठेवतो."

त्या 'हं'मध्ये काय होतं, ते अलकनंदाला कळलं नाही. रात्री तिने नरेशला तो आवाज काढून दाखवला. त्यालाही सांगता आलं नाही. डेसीला कार्ड दाखवलं तर तो हसत सुटला, मग त्याने सगळ्या सह्या एकेक करून वाचल्या, आणि हे मी ठेवू का, म्हणून विचारलं.

बाळासाहेब घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी अनुष्काने त्यांना फोन लावला. कुणी सांगितलं नव्हतं. अलकनंदा वरून धुण्याचे कपडे घेऊन उतरत होती, ती जिन्यातच थांबली. फोन स्पीकरवर होता. बाबा हळूहळू, दम घेत बोलत होते आणि अनुष्का त्यांना दर वाक्याला अडवत होती. तिच्या त्या डब्लिनच्या हेलात, पण मराठीत.

"म्हणजे काय, आजोबा?"

"आता हे कसं सांगू तुले," बाबा म्हणत होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.