बरणीतल्या धामणीची नागपंचमी

मित्रांनो, मी एक जुनी धामण आहे. जुनी म्हणजे किती, तर मेल्यालाही बरीच वर्षं झाली. महाडच्या एका शाळेत, प्रयोगाच्या खोलीत, काचेच्या बरणीत वेटोळं घालून बसले आहे.

हयात होते तेव्हा तुडीलच्या भातखाचरांत उंदीर मारत असे. काम शेतकऱ्याचं, तेही फुकट. शाबासकी म्हणून डोक्यात काठी बसली. ती घातली शाळेचा शिपाई हैबती यानं. मग त्यानं मला श्रीधर मास्तरांच्या स्वाधीन केलं आणि मास्तरांनी वरून फॉर्मलीन ओतून मला अमर केलं.

फॉर्मलीन मला मानवलं, माणसांना नाही. झाकण उघडलं की त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, नाकात मिरचीसारखी चढते, घसा खरवडते. पोरं शिंकून बेजार होत. हैबतीचं नाक मात्र रोज तिथं झाडलोट करून पार बधिर झालं होतं. घरी चुलीवर सुकट करपली तरी त्याला पत्ता नसे. त्यात गड्याला दमा.

एका श्रावणात सावित्रीला पूर आला आणि वारुळाची वाट बुडाली. नागपंचमी तर दारात. नागाला दूध-लाह्या दाखवल्याशिवाय हैबतीची बायको ठमाबाई पाण्याचा थेंब घेत नसे.

"चल, शाळंत हाय की नाग!" हैबती म्हणाला.

काचेतून मी जरा फुगीर दिसते, एवढाच काय तो माझा नागपणा! ठमाबाई आली, शेजारची राहीबाई आली. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंदच होत्या. हैबतीनं झाकण काढलं आणि लाह्या टाकायला बरणीवर वाकला.

झालं! दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या. राहीबाईला वाटलं, भक्तीच दाटून आली. इतक्यात हैबती घुमायला लागला. छाती भात्यासारखी वरखाली, डोळे बाहेर, तोंडातून शब्द फुटेना. हात तेवढा खिडकीकडे.

राहीबाईनं लोटांगण घातलं. "देवा, अंगात आलास! काय पायजे ते बोल!" वर उदाचा धूरही केला. हैबती निळा पडत चालला. मला हात असते तर माझं झाकण मीच लावलं असतं.

पण ठमाबाईनं नवऱ्याच्या छातीतली शिट्टी ओळखली. "देव नाय गो, दमा हाय ह्यांचा! सर बाजूला!" तिनं खिडकी धाडकन उघडली आणि त्याला ओढत बाहेर ओटीवर नेलं. गलका ऐकून मास्तर धावत आले. त्यांनी आधी माझं तोंड बंद केलं.

बऱ्याच वेळानं हैबतीला धड श्वास आला. पहिलं काय बोलला, तर, "तुझा उपास?"

"गेला खड्ड्यात," ठमाबाई म्हणाली आणि ढसाढसा रडली. ते रडणं फॉर्मलीनचं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, माझी बरणी उघडू नका. आणि कोंदट खोलीत कुणी गुदमरताना दिसलं, तर आधी खिडकी उघडा. नमस्कार मागाहूनही करता येतो.