एकाच साच्यातले

आमच्या हॉस्पिटलात टेबलांवर दिसतात ते कॉम्प्युटर नव्हेतच. ते नुसते पडदे आणि कीबोर्ड. खरे कॉम्प्युटर, सगळे चारशे, माझ्या तळघरातल्या सर्व्हरवर चालतात आणि रोज सकाळी एकाच मूळ प्रतीवरून नव्याने तयार होतात. ती मूळ प्रत सांभाळणं हे माझं काम. तिच्यात मीठ जास्त पडलं की सगळ्यांच्याच ताटात खारट.

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. वर थिएटरमध्ये दादाच्या मेंदूतली गाठ काढत होते. वहिनी बाहेर बाकावर बसली होती आणि मी अधूनमधून वर जाऊन तिचा हात धरून येत होते.

फोन वाजला. मुलांच्या वॉर्डातली सिस्टर होती.

"मॅडम, ते डोसचं नवीन सॉफ्टवेअर! मी अडीच टाकलं, त्याने पंचवीस धरलं. इंजेक्शन भरता भरता बाटलीच संपली म्हणून लक्षात आलं. दिलं असतं ना मी!"

ते सॉफ्टवेअर आदल्या दिवशी मूळ प्रतीत मीच घातलं होतं. सेटिंग उघडलं. ते बनवणाऱ्यांच्या देशात दशांशाला स्वल्पविराम देतात, आणि सॉफ्टवेअरने गुपचूप तीच पद्धत लावून टाकली होती. आपलं टिंब त्याच्या खिजगणतीतच नव्हतं. अडीचचे पंचवीस, आणि तेही चारशे ठिकाणी.

पडद्यांवर सूचना पाठवली. ती कोण वाचतंय? 'पासवर्ड बदला' म्हणून रोज मीच कटकट करते आणि रोज सगळे न वाचता ती बंद करतात. आयसीयूला फोन लावला. कुणी उचलेना. आता सगळ्यांना एकदम बाहेर काढून जुन्या प्रतीवर आणायचं, एवढाच मार्ग उरला होता.

सगळ्यांना म्हणजे थिएटरलाही. थिएटरसाठी वेगळी मूळ प्रत ठेवा म्हणून मी साहेबांच्या किती मिनतवाऱ्या केल्या होत्या. "एकात भागतंय ना?" म्हणाले होते. साहेबांचं काय, त्यांचं सगळं एकातच भागतं.

थिएटरला फोन लावला. नर्स कुजबुजली, "आत्ता नको! डॉक्टर स्कॅन बघत बघतच पुढे सरकताहेत. थोडं थांबा."

"थांबता येणार नाही. त्यांना हात थांबवायला सांगा."

"अहो, पण..."

"सांगा!"

आयसीयूत घंटी नुसतीच वाजत होती. मी भ्याले होते. आयुष्यात कधी भ्याले नव्हते इतकी. पहिल्यांदा भलतंच बटण दाबलं गेलं. दुसऱ्यांदा बरोबर दाबलं. चारशे पडदे काळे झाले.

जुनी प्रत लावून सगळ्यात आधी थिएटरचा पडदा जिवंत केला. मग बाकीचे. त्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक. शेवटी आयसीयूतून कुणीतरी फोन उचलला. दहापट डोसची एक सिरिंज भरून तयार होती, पडदा गेला म्हणून ती नुसती बाजूला ठेवली होती.

मी जिने चढत वर धावले. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "गाठ निघाली. मध्येच स्क्रीन गेला तेव्हा मात्र आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं."

वहिनी रडायला लागली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "कुणा मेल्याने बंद केलं असेल गं ऐन वेळी?"

गप्प बसता आलं असतं. पण मला ते झेपलं नसतं.

"मी केलं, वहिनी."

तिने डोकं उचललं. मी सगळं सांगितलं, सिस्टरचं, आयसीयूचं, सिरिंजचं. तिने ऐकून घेतलं. समजलंही तिला, ती काही खुळी नाही.

"तो आत आहे हे माहीत असताना दाबलंस?"

"हो."

तिने माझ्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला. सकाळपासून तिच्या डोळ्यांत ऑपरेशनची भीती होती. ती आता गेली होती. आता ती मला घाबरत होती.