एकविसाव्या नळीतले कुरव

फ्रीजवर पिझ्झाच्या कूपनाशेजारी कुरव या समुद्रपक्ष्याचं एक करडं पीस.

विक्रमच्या कपाळावर कुरवाच्या चोचीची खूण. ऑफिसात त्याने सांगितलं, कपाटाचं दार लागलं.

राणीखेत. गावाचं नाव, कोंबड्यांच्या रोगाचंही. इथे अमेरिकेत त्याच रोगाला न्यूकॅसल म्हणतात. तेही गावच.

नळी नंबर एकवीस.

सप्टेंबर २००६. बेलव्ह्यूजवळच्या लॅबमध्ये नेत्राला एकवीस नंबरच्या नळीत दोन विषाणू सापडले: फ्लूचा आणि राणीखेतचा. एकाच समुद्रपक्ष्यात दोन विषाणू एकत्र राहतात का, या प्रश्नावर तिची फेलोशिप होती आणि इतक्या नळ्यांत हे एकच उदाहरण. तिची बॉस हेलन म्हणाली, "सोमवारी पेपर पाठवू. मग तुझी मुदतवाढ नक्की."

नमुने जूनमधले. बेटावर नेत्रा कुरव धरायची, घशात आणि शेपटीखाली बोळा फिरवायची आणि न बघताच हात मागे करायची. मागे नवरा विक्रम, सुटी काढून आलेला. बोळा नळीत ढवळायचा, फेकायचा, नंबर टाकायचा. एक पक्षी, एक नळी.

शनिवारी विक्रम कांदा चिरत होता. नेत्राने बातमी सांगितली.

"एकवीस म्हणजे खडकाखालचं जोडपं का गं?"

"जोडपं?"

"अगं, नळ्या संपत आल्या होत्या. नवरा-बायको, एकच घरटं. म्हटलं, एका डब्यात चालतील."

नेत्राने गॅस बंद केला. "दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतोस ना तू?"

"त्याचा पगार मिळतो, यार." तो हसला. ती हसली नाही, तेव्हा सुरी खाली ठेवून म्हणाला, "बोळे तर फेकले. कळणार कुणाला?"

"मला कळलं."

"मुदतवाढीचं काय मग?"

"कांदा चिर."

सोमवारी तिने हेलनला सांगितलं. हेलनने पेपर उघडला. मग दोघींनी बसून मुख्य वाक्य बदललं: 'एका पक्ष्यात' काढून 'एका घरट्यातल्या दोन पक्ष्यांत मिळून'. तेवढ्याने पेपरात काही उरलं नाही. मुदतवाढ नाकारल्याची ईमेल नोव्हेंबरात आली; फेलोशिप पुढच्या जुलैत संपणार होती. विक्रमने ती दोनदा वाचली आणि पुढच्या जूनची सुटी टाकली.

"कशाला?" नेत्राने विचारलं.

"नळ्या मी विकत आणतो."

जूनमध्ये त्या खडकाखाली तेच जोडपं होतं: मादी अंड्यांवर बसली होती आणि नर तिच्या जागी बसायला आला होता. दोघंही ठणठणीत होते.