खाऱ्या पाण्यानं वाचलेला मी

मी शिरोड्याच्या बेकरीवाल्या भिकाजींच्या पावातला यीस्ट बोलतोय. नुसत्या डोळ्यांना मी दिसायचा नाही, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

माझं कूळ दुहेरी. एक पूर्वज ताडी-माडीतला, उन्हाळा सोसणारा पण लहरी. दुसरा बेकरीतला, शिस्तीचा पण उकाड्यात लगेच मान टाकणारा. एप्रिल आला की भिकाजींचं पीठ फुगेना, पाव दगडासारखे होत. २००४ साली कुडाळच्या एका कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या भक्तीनं या दोन पूर्वजांची सोयरीक जुळवून भिकाजींना नवा यीस्ट देण्याचा शब्द दिला.

ही सोयरीक मोठी नाजूक. आमच्या प्रत्येक पेशीभोवती कवच असतं. औषधानं ते उतरवायचं, मग चिकट द्रावणात दोन उघड्या पेशी जवळ आणून त्यांची एक करायची. भक्तीनं पाच वेळा केलं आणि पाचही वेळा सगळं मेलं. कवच उतरवायचं औषध आता एकाच खेपेपुरतं उरलं होतं. सरांनी विषय बदलायला सांगितलं. भिकाजींना काय तोंड दाखवू, या विचारानं तिला जेवण जाईना.

त्या रविवारी तिनं घरी मासे नळाखाली धरले. तिची आई सुगंधा मासे विकायची. आईनं टोपली ओढून घेतली.

“गोड्या पाण्यात कित्याक धुतलंस गो? मऊ पडतले. मासो खाऱ्या पाण्यातच धुवचो.”

भक्तीचा हात थांबला. चिकट द्रावण निघून जावं म्हणून शेवटी ती आम्हालाही साध्या, शुद्ध पाण्यात धुवायची. दर्यावर वाढलेल्या पोरीनं करू नये ती चूक! कवच नसलेल्या आमच्या पेशी ते पाणी पिऊन फुगायच्या आणि फुटायच्या.

सोमवारी तिनं मापानं मीठ घातलेल्या पाण्यात आम्हाला धुतलं, नवं कवच येईपर्यंत खारटातच ठेवलं. बहुतेक जण गेलेच. मी राहिलो.

आज २०१० आहे. रोज माझी लाखो भावंडं भिकाजींच्या भट्टीत जातात, पण एप्रिलातही पाव हलका होतो, म्हणून मला वाईट वाटत नाही. मूळचा मी कॉलेजच्या फ्रीजमध्ये एका नळीत सुखात आहे. वीज गेली की उगाच दार उघडू नका, एवढंच माझं मागणं.

परवा सुगंधाबाईंनी बांगड्याच्या सारात भिकाजींचा पाव बुडवला.

“बरो हलको झालो. ह्यां कॉलेजात शिकलंस?”

“नाय गो आये. तुझ्या टोपलीकडे शिकलंय.”

त्यांनी दुसरा पाव उचलला.