जिव्हाबाबांची गोळी

दादाच्या वाइनरीच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडी पिंपांना टेकून लोक उभे होते, हातात पेले, चेहऱ्यावर भक्ती. मधोमध जिव्हाबाबा. आंबट म्हणून कुणी हात न लावलेल्या पांढऱ्या वाइनच्या बाटलीवर त्यांनी तळहात धरला, डोळे मिटले आणि पेले भरायला सांगितले.

"मध आहे हो हा," एक वकीलबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्याआधी बाबांनी प्रत्येकाच्या हातावर एक तांबूस गोळी ठेवली होती. "वाइन कधी आंबट नसते, बाळांनो. आंबट असते ती जीभ. गोळी तोंडात विरघळू द्या, जीभ शुद्ध होईल. आणि नाक पेल्यापासून लांब ठेवा. नाक म्हणजे अहंकाराचं माहेर."

मी हॉटेल कॉलेजात वाइन चाखायला शिकवते, म्हणजे माझं पोट त्या अहंकारावरच चालतं. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरा, रंग बघा, हलवा, हुंगा, मग घोट तोंडात फिरवा. हे सगळं मला शिकवलं दादानं. वडील गेल्यावर मळा त्यानंच सांभाळला. तोच दादा आता पुढे हात जोडून बसला होता. लाल द्राक्षांच्या तोडणीचा दिवससुद्धा त्यानं बाबांना विचारून ठरवला होता, उद्याचा. द्राक्षं एकदा तोडली की पुढे पिकत नाहीत. गेला हंगाम रोगानं खाल्ला होता, आणि यंदाचाही बिघडला तर मळा विकावा लागेल, हे मला त्यानंच सांगितलं होतं.

मी गोळी रुमालात ठेवली आणि पेला हुंगला. कच्च्या सफरचंदाचा वास, त्यामागे व्हिनेगरचा. घोट घेतला तर दात आंबले.

मी स्वयंपाकघरातून लिंबं आणून कापली. "बाबा, आता हात खिशात घाला," मी म्हणाले, "आणि कशालाही आशीर्वाद देऊ नका." सगळ्यांना एकेक फोड दिली.

वकीलबाईंनी चोखली आणि गोंधळल्या. "हेही गोडच लागतंय की."

"लागणारच. त्या गोळीत एका लाल फळाचा वाळवलेला गर आहे. हाच खेळ मी वर्गात मुलांना दाखवते. तो गर जिभेला चिकटतो, आणि तासभर आंबट ते गोड लागतं. वाइन होती तशीच आहे. नाक मात्र त्याला फसत नाही, म्हणून नाक लांब."

बाबा मंद हसले. "पाहिलंत? लिंबूही शरण आलं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगले शिकलेसवरलेले लोक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादानं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं मला जिन्यापाशी नेलं. "ही गोळी मी रोज सकाळी घेतो. मळ्यात जायच्या आधी."

"आणि मग द्राक्षं चाखतोस?"

"हो."

"साखर मोजायचं यंत्र कुठंय?"

"कपाटात. बाबा म्हणाले, जिभेवर विश्वास नसेल तर मळा कशाला करतोस?"

"अरे, मग उद्याची तोडणी थांबव. अजून काही बिघडलेलं नाही."

तो माझ्याकडे बघेना. "आज पहाटेच तोडली. काल रात्री त्यांचा निरोप आला, वेळ आजचीच चांगली आहे म्हणून."

वर शेडमध्ये क्रेट छताला टेकले होते. गोळीचा अंमल उतरेपर्यंत आम्ही पायरीवर बसून राहिलो. खालून हसण्याचे आवाज येत होते. मग दादानं चूळ भरली आणि द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला. तोंड वाकडं झालं, तरी त्यानं तो चावून गिळला. बी तळहातावर काढून बघत बसला. द्राक्ष पिकलं की बी तपकिरी होते.

"हिरवी आहे," तो म्हणाला. "रोज हिरवीच दिसत होती गं मला. मी म्हटलं, डोळ्यांचं काय ऐकायचं."

मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि रडूही येत होतं. मी त्याच्या हातातली बी काढून घेतली.

मळा विकला गेला. बाबा दुसऱ्या कुणाच्या तळघरात बाटलीवर हात धरून बसले आहेत, असं ऐकते. तुमच्याकडे आले तर त्यांच्याशी वाद घालू नका, त्यात ते तरबेज आहेत. त्यांनी दिलेलं तोंडात टाकू नका. टाकलंच असेल तर चूळ भरा, तासभर थांबा आणि मग चाखा. खरं गोड असेल ते तासाभरानंही गोडच लागतं.